तीन शंका प्रलंबित

बीडमध्ये एका शिकवणी कंपनीत मी सहा वर्षं काढली. माझ्या हुद्द्याचं नाव होतं शंका-मार्गदर्शक. पुण्यातल्या मुख्य कचेरीत गार खोलीत बसून कुणीतरी हे नाव काढलं असणार, कारण आमच्याकडं ते मोठ्यानं उच्चारलं की माणसं आधी माझ्याकडं आणि मग एकमेकांकडं बघायची. नोकरी लागल्याचं आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजे लोकावर शंका घ्यायची का तू? आन त्याचा पगार देतेत?" कचेरीत दुपारच्या डब्यानंतर कुणी जागेवरून उठलं की बाकीचे विचारायचे, "काय, शंकानिरसनाला चाललाव का?" हा विनोद सहा वर्षं चालला आणि सहा वर्षं आम्ही त्याला हसलो.

काम सांगायला सोपं होतं. बऱ्याच शाळांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांकडं कंपनीचे टॅब होते, त्यात पुण्याच्या शिक्षकांचे धडे भरलेले. धडा बघताना पोरगं कुठं अडकलं की त्यानं 'मला शंका आहे' हे बटण दाबायचं आणि खाली शंका लिहायची. ती आमच्या पडद्यावर हिरव्या चौकटीत यायची. मग आम्ही पालकाच्या मोबाईलवर फोन लावायचा, पालकानं तो मुलाकडं द्यायचा आणि आम्ही उलगडून सांगायचं. मुलाविषयी जे काही बोलायचं ते आधी पालकाला सांगून, असा कंपनीचा कडक नियम होता. दोन दिवसांत फोन झाला नाही तर हिरवी चौकट लाल व्हायची. ज्याच्या नावावर लाल चौकटी जास्त, त्याला शाखाप्रमुख सोमवारी सकाळी चहाच्या आधी आत बोलवायचे.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती आणि खाली कृषी सेवा केंद्र होतं. फवारणीच्या औषधांचा वास जिन्यानं वर यायचा. आम्ही आठ जण कानाला हेडफोन लावून त्या वासात बसायचो आणि वर्गसमीकरणं सोडवायचो. नवीन माणसाचं पहिले आठ दिवस डोकं दुखायचं, मग त्याला वास येईनासा व्हायचा.

गणितात माझा कुणी हात धरू शकत नव्हतं. मी मार खायचो भाषेत. प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि पुण्यात एक बाई ते ऐकून भाषेचे गुण द्यायच्या, दहापैकी. पहिल्या महिन्यात मला तीनच्या वर गुण पडले नाहीत. शेरा एकच असायचा, 'हाय' नको 'आहे' म्हणा, 'न्हाई' नको 'नाही' म्हणा. मी कडा गावाजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पानी, लोनी आणि दानं. दारात उभा असलेला माणूस कोन, आणि त्रिकोणात असतो तोही कोनच. मी ईर्षेला पेटलो. आरशापुढं उभं राहून 'ण' घोटला. तो जिभेवर बसला तो असा बसला की आठवडाभर मी पोरांना काटकोण त्रिकोण शिकवत होतो. पुण्याहून शेरा आला, 'काटकोन. कृपया.' त्या बाईंना मी कधी बघितलं नाही, पण तो 'कृपया' मला अजून आठवतो.

वर्षा-दोन वर्षांत माझी मराठी इतकी धुतली गेली की सुट्टीत घरी गेलो तर आई म्हणायची, "मपल्याशी तरी नीट बोल की रे." मला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू. तालुक्याच्या शाळेत शिकलेला मी पुण्याच्या बाईंकडून आठ-आठ गुण घेत होतो. कंपनीनं दिलेली वाक्यं मी इतकी सफाईनं म्हणायचो की नवीन आलेल्यांना माझे फोन नमुना म्हणून ऐकवायचे.

वडवणीच्या बाजूला आडरस्त्याच्या एका गावात दहावीतली एक मुलगी होती. तिच्या वडलांची मेंढरं होती. रोज संध्याकाळी ते मेंढरं घेऊन घरी आले की तिला मोबाईल मिळायचा, आणि मग आमचं बोलणं व्हायचं. फोनवर मागं कायम मेंढरांचा गलका. मधेच ती म्हणायची, "थांबा सर, कोकरू सुटलं," आणि मी एका हातात पेन घेऊन वाट बघत बसायचो. तिनं चौकटीत कधी 'शंका' असं लिहिलं नाही. ती लिहायची, 'इथं अडलं'. आणि अडायचं ते भलत्याच ठिकाणी. एकदा तिनं विचारलं, "सर, हे दोन त्रिकोण समरूप हायत हे डोळ्याला दिसायलंय की. मंग ते लिहून कावून दाखवायचं?"

हा प्रश्न मला एम.एस्सी.पर्यंत पडला नव्हता. मी म्हणालो, "डोळे फसतात. म्हणून लिहून बघायचं." ती म्हणाली, "हा. वडील बी मेंढरं दोनदा मोजतात." आणि पुढं दहा मिनिटं तिनं सिद्धता एकदाही न चुकता सांगितली. शिकवण्याच्या धंद्यात असा दिवस महिन्यातून एखादा येतो. त्या दिवशी मी कचेरीतून चालत खोलीवर गेलो आणि वाटेत उगाच हसत होतो.

दिवाळीनंतर तिचे वडील मेंढरं घेऊन लांबच्या रानात उतरले. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवतात, त्यामुळं चार-चार दिवस मुक्काम तिकडंच. मोबाईल त्यांच्याबरोबर. इकडं मुलीनं एका आठवड्यात तीनदा बटण दाबलं, आणि तिन्ही चौकटी लाल झाल्या. त्या आठवड्यात माझ्या नावावर तशाही चाळीसेक लाल चौकटी होत्या, सगळ्या शाळांच्या सहामाहीनंतरचा तो गर्दीचा काळ. सोमवार जवळ आला होता. मी भर दुपारी तिच्या वडलांना फोन लावला.

पलीकडं प्रचंड गोंगाट होता. त्यांना ऐकू येईना. त्यांनी मोबाईलवर काहीतरी केलं, आणि गोंगाट एकदम पसरल्यासारखा झाला. त्यांचा आवाज लांब गेला. मी माझी वाक्यं सुरू केली.

"नमस्कार. मी कंपनीतून शंका-मार्गदर्शक बोलत आहे. आपल्या मुलीबाबत तीन शंका प्रलंबित आहेत."

"कशा हायत?"

"प्रलंबित. म्हणजे बऱ्याच दिवसांपासूनच्या आहेत. नियमानुसार आधी पालकांना कळवणे आवश्यक असते."

"मपल्या पोरीच्या?"

"हो. त्याबाबत मला तिच्याशी सायंकाळी निवांत बोलावे लागेल."

पलीकडं मागून कुणाचातरी आवाज आला, "कसल्या शंका बे?" आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल असं समजून मी पुढचा नंबर लावला.

त्या फोनला मला भाषेचे साडेनऊ गुण पडले. बीडच्या शाखेत तेवढे कुणालाच पडले नव्हते. शाखाप्रमुखांनी गुणांचा कागद भिंतीवर लावला आणि मी सगळ्यांना खालून चहा मागवला.

त्यानंतर त्या मुलीचा टॅब उघडला गेला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दहाव्या दिवशी तिचं नाव राखाडी झालं आणि त्यापुढं 'निष्क्रिय' असा शब्द आला. नाव निष्क्रिय झालं की त्याच्या लाल चौकटी आपोआप पुसल्या जातात, म्हणजे माझा भार तीननं हलका झाला. मला तिचा राग आला. हुशार पोरांचं हेच असतं, थोडं जमायला लागलं की अंगात येतं, असं मी मनात म्हणालोसुद्धा. आज ते आठवलं की माझीच लाज वाटते.

तरी मी तिच्या वडलांना दोनदा फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि माझा 'नमस्कार' ऐकताच ते म्हणाले, "परत फोन केलास तर तंगडं मोडीन बे."

मी भयंकर दुखावलो. शेजारच्या टेबलावर विज्ञानाच्या शंका बघणाऱ्या बाई बसायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, दोन मुलींच्या आई, जन्म सगळा बीडमध्ये गेलेला. त्यांना भाषेत सहाच्या वर कधी गुण पडले नाहीत आणि त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. त्यांना मी म्हणालो, "बघा, चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा. या लोकांना मुलींनी शिकायलाच नको."

त्या म्हणाल्या, "आदी काय बोललास ते ऐकव."

मी साडेनऊ गुणांच्या फोनचं रेकॉर्डिंग अभिमानानंच लावलं. त्यांनी हेडफोन कानाला धरला. अर्ध्यातच त्यांनी कपाळाला हात लावला आणि शेवटपर्यंत तो काढला नाही.

"हा मानूस बाजारात हाय," त्या म्हणाल्या. "मागं मेंढरं ओरडायलीत, मानसं बोलायलीत. फोन मोठ्या आवाजावर हाय. आन तू चारचौघांत सांगायलास, तुमच्या पोरीबाबत तीन शंका हायत. जुन्या हायत. आन मला तिच्याशी संध्याकाळी निवांत बोलायचंय."

मी म्हणालो, "पण शंका म्हणजे…" आणि तिथंच थांबलो. शंका म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं थोडंच? आमच्या घरात एखाद्या बाईवर शंका आहे असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ मला पाचव्या वर्षापासून कळत होता. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मी शाखाप्रमुखांकडं गेलो. त्यांनी फोन ऐकला, वाक्यं तपासली आणि म्हणाले, "यात आपलं काहीच चुकलेलं नाही. शब्द न् शब्द कंपनीचा आहे." ते खरंच होतं. पालक नाराज आहेत असा एक रकाना असतो, तो भरायचा आणि विषय संपवायचा, असं त्यांनी सुचवलं. मी जागेवर येऊन बसलो. डबा उघडला आणि तसाच बंद केला. त्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं. परीक्षेला तीन-साडेतीन महिने उरले होते, आणि तिच्या नावापुढं मी जे लावलं होतं ते दहावी पास होऊनही पुसलं जाणार नव्हतं.

"रविवारी जाऊन येतो," मी बाईंना म्हणालो.

"एकटा गेलास तर उरलीसुरली शंका खरी व्हईल," त्या म्हणाल्या. "मी येते."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही वडवणीला उतरलो आणि तिथून टमटमनं त्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात मुलीची आई धान्य निवडत होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिनं पदर ओढून घेतला आणि सूप बाजूला ठेवलं, पण आम्हाला या म्हणाली नाही. बाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या, मूठभर ज्वारी ओढून घेतली आणि निवडायला लागल्या. मग हळूहळू आईनं सांगितलं. बाजारातून नवरा आला तो कुणाशी बोलला नाही. लेकीला रागावला नाही, हात उगारला नाही, काही विचारलंही नाही. टॅब उचलला, ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं. 'उद्यापसून मेंढरामागं' एवढंच म्हणाला. शाळा त्या दिवसापासून बंद. बाजारात त्याचा साडू होता, भावकीतले लोक होते. परवा साडूची बायको, म्हणजे तिची बहीणच, येऊन विचारून गेली होती, तीन म्हंजे कोण कोण म्हणून.

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही.

मेंढरं गावापासून कोसभर, एका शेतकऱ्याच्या कापूस निघालेल्या रानात बसवलेली होती. चारी बाजूंनी जाळी लावलेली. आम्हाला बांधावरून येताना बघून मुलीचे वडील उभे राहिले. हातात काठी होती. मी कंपनीतला, असं सांगितल्यावर त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"दादा, आदी ऐकून घ्या," बाई म्हणाल्या. "मंग मारायचं तर मारा. मी धरते त्याला."

मी बोलायला तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आलं, "आपला जो काही गैरसमज झालेला आहे…" बाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी घसा खाकरला. मग जे वाक्य आलं ते कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात आलं होतं.

"मामा, तुमची पोरगी गणितात लई हुशार हाय. तिला तीन गणितं अडलीती. अडलेल्या गणिताला आमच्या कंपनीत शंका म्हनतात. तेवढंच सांगायला मी फोन केलता. दुसरं काई न्हाई."

"अडलेल्या गणिताला?"

"हा."

"मंग अडलं म्हनायला तोंडाला काय फोड आलता का?"

"चुकलं मपलं."

ते खाली बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "कुठले तुमी?"

"कड्याकडचा."

"कड्याचा हायस आन फोनवर तसलं बोलतूस?"

ते म्हणाले, "मला कळलं. मी आडानी मानूस, पन कळलं. मपल्या कळन्यानं काय व्हतंय? त्या दिशी बाजारात आमचे धा-बारा लोक हुते. आता मी एकेकाच्या दारात जाऊन सांगू का, की बाबा, शंका म्हंजे गणित?"

"मी येतो बाजारात. मी सांगतो सगळ्यांना."

"तू आलास तर म्हनतील, ह्यो बगा, आला त्यो." ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलले. "फोनवर इज्जत गेली, फोनवरच वापस येऊ दे. त्याच बाजारात, त्याच टायमाला फोन लाव. मी आवाज मोठा करून ठिवतो. आता बोललास तसं बोल. तवर पोरगी हितंच राहील."

मी कबूल केलं. त्यांनी जाळीच्या पलीकडं हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मुलगी तांब्या घेऊन आली. सहा महिने मी तिच्याशी बोलत होतो आणि तेव्हा तिला पहिल्यांदा बघितलं. कोपरापर्यंत धुळीनं भरलेले हात. तिनं आधी बाईंना पाणी दिलं, मग मला, आणि तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडं नीट बघितलं नाही. तिच्या बापासमोर तिच्याशी बोललो तर पुन्हा काही होईल, ही भीती मनात होती. तांब्या परत दिला आणि तिच्या वडलांना राम राम करून निघालो.

बाजाराच्या दिवसापर्यंत मी एका कागदावर काय बोलायचं ते तीनदा लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. लिहिताना पुन्हा 'सदर' आणि 'याबाबत' यायला लागायचं. त्या दिवशी दुपारी मी फोन लावला तेव्हा बाई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. पलीकडून तोच गोंगाट, तशीच मेंढरं. मग आवाज एकदम पसरला.

"बोल," तिचे वडील म्हणाले.

"राम राम समद्यांना," मी म्हणालो. माझ्या आसपासचे हेडफोन एकेक करून कानावरून उतरले ते मला दिसत होतं. "मी शिकवणीच्या कंपनीतून बोलायलोय. मागं ह्याच बाजारात मी फोन केलता आन म्हनलो, ह्यांच्या पोरीबाबत तीन शंका हायत. ते मपलं चुकलं. पोरीवर कुणाचीच शंका न्हाई. तिला तीन गणितं अडलीती. आमा शिकलेल्या लोकांत त्याला शंका म्हनायची खोड हाय."

मग एक म्हातारा आवाज जवळ आला. "म्हंजे पोरीनं काय केलं न्हवतं?"

"गणितं केली, बाबा. लई अवघड गणितं. दुसरी पोरं त्याच्याकडं बगत बी न्हाईत."

"आन ते तीन?"

"तीन गणितंच. मानूस एक बी न्हाई."

"मंग लेकाचे तुमी असं बोलता कावून?"

"ते मला बी कळंना झालंय," मी म्हणालो, आणि पलीकडं हशा पिकला. इकडंही कुणीतरी हसलं. शाखाप्रमुख त्यांच्या दारात येऊन उभे होते, पण त्यांनी मला थांबवलं नाही, हे मी त्यांच्या खात्यावर अजून जमा धरतो.

तिचे वडील हसत नव्हते. ते एकेकाला विचारत होते. "साडू, ऐकलं का?" "ऐकलं." "तात्या, तुमी?" "ऐकलं बाबा, ऐकलं." असं दहा-बारा वेळा झालं. एक माणूस मधेच चहाला उठला होता. त्याला बोलावून आणलं आणि मला म्हणाले, "ह्याला परत सांग." मी परत सांगितलं. मग तोही म्हणाला, ऐकलं.

बाईंनी मागून खांद्यावर हात ठेवला. सुटलो, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मी स्वतःवर बराच खूश होतो हेही सांगून टाकतो. एका मुलीचं नाव आपण तिला परत मिळवून दिलं, असंच काहीसं माझ्या मनात चाललं होतं.

"थांबा," तिचे वडील म्हणाले. "उद्यापसून ती शाळंत जाईल. आज बाजाराला बरोबर आलीय. तिला बी तुमाला कायतरी म्हनायचंय."

ती आभार मानणार, असं मी गृहीत धरलं. 'अगं, त्यात काय' हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं.

"सर, अडलं मला व्हतं ना?" ती म्हणाली. फोन अजून मोठ्या आवाजावरच होता, तिचा आवाज सगळ्या बाजारात जात असणार.

"हो."

"मंग पहिल्यांदा वडलांना सांगितलंत. रानात आलात तवा बी वडलांनाच सांगितलं. मी पानी घेऊन हुबी व्हते. आता समद्या बाजाराला सांगितलंत. मला कुणी इचारलंच न्हाई, कुठं अडलं म्हनून. वडलांनी बी न्हाई आन तुमी बी न्हाई."

मी घाईघाईनं पडद्यावर तिचं नाव शोधलं. ते निष्क्रिय नावांमध्ये खाली कुठंतरी होतं, आणि चौकटी तर कधीच पुसल्या गेल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या तीन चौकटींत तिनं काय लिहिलं होतं ते मी एकदाही वाचलं नव्हतं. त्या लाल आहेत आणि तीन आहेत, एवढंच मी बघितलं होतं. लई अवघड गणितं, असं मी आत्ताच सगळ्या बाजाराला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"कुठं अडलं गं?" मी विचारलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. मी पेन उचललं.